देवाचा कोंबडा आणि इवायांची तलंग

कोंबड्या दोनच प्रकारच्या असतात, रस्स्यातल्या आणि सुक्यातल्या. पन्नाशी उलटेपर्यंत या विषयातलं माझं ज्ञान एवढंच होतं आणि एवढ्यावर माझं उत्तम चाललं होतं.

तसे आम्ही मूळचे मेंढरं राखणारे. पण आजोबा कळप विकून शहरात आले, वडील चितेगावला एका कारखान्यात लागले आणि मी सिडकोत झेरॉक्सचं दुकान टाकलं. एवढ्या प्रवासात आमच्या घरातली लोकर फक्त स्वेटरात उरली. जिवंत कोंबडी मी पाहिली होती ती कुणाच्या तरी मोटरसायकलला उलटी टांगलेली. उलट्या टांगलेल्या माणसाचीसुद्धा धड ओळख पटत नाही, तिथं कोंबडीची काय पटणार?

आमच्या प्रियंकाचं लग्न फुलंब्रीकडच्या एका वस्तीवर ठरलं, तेव्हा बोलणी करायला आम्ही त्यांच्या अंगणात बसलो होतो. अंगणभर कोंबड्या. माझ्या चपलेवर एक, चहाच्या ताटलीपाशी एक. मुलाचे वडील रंगनाथअण्णा, म्हणजे माझे होणारे इवाई (आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात, शब्दच असा आहे की माणूस आपोआप सावरून बसतो), मला म्हणाले, "तुमच्याकडं हायेत का कोंबड्या-बिंबड्या?"

आता "नाही" म्हणायला काय हरकत होती? पण लेकीचा बाप बोलणीला बसला की त्याच्या तोंडून "नाही" निघत नाही.

"म्हणजे काय अण्णा, घर भरून होत्या. माझं बालपणच कोंबड्यांत गेलं."

सुलभानं, म्हणजे माझ्या बायकोनं, माझ्याकडं पाहिलं. माझं बालपण कारखान्याच्या क्वार्टरमध्ये, दुसऱ्या मजल्यावर गेलं होतं.

"मंग तर तुम्ही आपल्यातलेच निघाले," अण्णा म्हणाले आणि त्या दिवसापासून माझ्याशी कोंबड्यांबद्दल एका जाणकारानं दुसऱ्या जाणकाराशी बोलावं तसं बोलायला लागले. कुठलं पाखरू कुठल्या रोगानं मान टाकतं, कुठली कोंबडी अंडी उबवायला खुडूक बसली, सगळं मला फोनवर कळायचं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "तुम्हाला काय सांगायचं म्हणा." मी म्हणायचो, "काय सांगायचं." हे माझं एकमेव वाक्य होतं आणि ते कुठंही चालायचं.

मग प्रियंकाला दिवस गेले. आधीच्या खेपेला तिसऱ्याच महिन्यात सगळं हातातून निसटलं होतं, त्यामुळं या वेळी दोन्ही घरांचा जीव टांगणीला. विहीणबाईंनी म्हसोबाला बोलून ठेवलं होतं, सातवा सरला की राखणीचा कोंबडा देऊ, लेकरू सुखरूप येऊ दे. आणि त्यांच्या घरची रीत अशी की पोटुशी सून ज्या घरची लेक, त्या घरच्या दारातून कोंबडा निघाला पाहिजे. त्यानं आधी माहेरचं दाणापाणी खायचं, मग देवाकडं जायचं.

अण्णांचा फोन आला.

"इवाई, दुधाच्या गाडीत दोन पाखरं धाडलीत. एक कोंबडा, एक तलंग. कोंबडा देवाचा हाय, त्याला फकस्त दाणा टाकायचा. तलंग ऐतवारी लावा चुलीवर, आम्ही प्रियंकाला घिऊन जेवायलाच येतो. तेवढी अदलाबदल नगं. म्हसोबा लई कडक हाय. तुम्हाला काय सांगायचं म्हणा."

"काय सांगायचं," मी म्हणालो.

(तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी कुणी तलंगेची भाजी केली आहे म्हटलं असतं, तर मी तिच्यात शेंगदाण्याचं कूट घातलं का, असं विचारलं असतं.)

दुधाच्या गाडीवाल्यानं गेटपाशी एक डालगं टेकवलं, "अण्णानं दिलंय" म्हणाला आणि गेला. डालगं उघडलं तर आत दोन पाखरं. एक तांबडं, एक काबरं. दोघांच्याही डोक्यावर तुरा. दोघंही माझ्याकडं एकाच डोळ्यानं बघत होती. काबरं जरा अंगानं थोराड, तांबडं जरा बारीक आणि त्याची शेपटी दुधाच्या कॅनखाली सापडून पार चोळामोळा झालेली. यातला कोंबडा कोणता, हे आता मला, कोंबड्यांत बालपण गेलेल्या माणसाला, ओळखायचं होतं.

"अहो, मोठा तो कोंबडा," सुलभा म्हणाली. "साधी गोष्ट आहे. नर अंगानं मोठाच असतो."

"आपल्या घरात तसं दिसत नाही," मी म्हणालो.

त्यानंतर त्या विषयावर घरात चर्चा झाली नाही. दुसऱ्याही विषयावर झाली नाही.

प्रियंकाला फोन करून विचारावं, तर तिच्या सासरी फोन स्पीकरवरच घ्यायची पद्धत. फोन कुणाचाही असो, तो अंगणाला आलेला असतो. मी "बेटा, जरा तलंग कशी असते गं?" असं विचारलं असतं, तर उत्तर द्यायच्या आधी सगळी वस्ती हसली असती. म्हणून मी वरच्या मजल्यावरच्या सलीमभाईंना बोलावलं. सलीमभाईंचं शहागंजात पिढीजात कापडाचं दुकान. माणूस असा की कुठलीही गोष्ट विचारा, त्यांच्या अब्बांनी ती पाळलेली असायचीच.

त्यांनी चष्मा लावला, डालग्यात डोकावले आणि हसले.

"मियाँ, इसमें पूछने की क्या बात है? ये पठोर है और वो मुर्गा."

"पठोर म्हणजे?"

"पठोर म्हणजे तुमची तलंग."

"आणि तलंग म्हणजे?"

"अरे भाई, तलंग बोले तो पठोर."

"पण कशावरून?"

"चेहरे से," सलीमभाई म्हणाले आणि परत बोट दाखवलं, "ये पठोर, वो मुर्गा." तेवढ्यात पाखरांनी आपसात जागा बदलली. सलीमभाईंचं बोट मात्र होतं तिथंच राहिलं.

खरं सांगायचं तर या बाबतीत आपल्याकडं कुणालाच काही पडलेली नाही. मराठी माणसाच्या ताटात कोंबडा आला तरी तो "कोंबडी खाल्ली" म्हणतो, आणि सलीमभाईंच्या ताटात कोंबडी आली तरी ते "मुर्गा खाया" म्हणतात. ताटात जाईपर्यंत तिचं किंवा त्याचं जे काय असेल ते असेल. आमचा समाज एरवी दुसऱ्याच्या घरातला माणूस कोणत्या जातीचा, कोणत्या पोटजातीचा हे आडनावाच्या आधी ओळखतो. पण रोज खातो ते पाखरू नर की मादी, हे विचारलं की फोन काढून बघतो. मीही काढला. फोननं मला आधी एक टर्की दाखवली आणि मग कुक्कुटपालन करून श्रीमंत व्हायचं का, असं विचारलं.

शेवटी मी शास्त्रीय मार्ग धरला. जो आरवेल तो कोंबडा. मी पाखरं बाल्कनीत ठेवली, झेरॉक्सच्या कागदाच्या रिकाम्या खोक्यात गवत घालून दिलं आणि वाट बघत बसलो. कुणी आरवलं नाही. दुसऱ्या सकाळीही नाही. तेव्हा माझ्या मनात आलं की शहरातल्या हवेत त्याला आरवायची आठवण राहिली नसेल, आपण सुरुवात करून दिली तर तो पुढं नेईल. उजाडताना मी बाल्कनीत उभा राहिलो, मान वर केली आणि आरवलो.

काही झालं नाही. परत आरवलो. समोरच्या इमारतीत एक खिडकी उघडली. तिसऱ्यांदा आरवलो, तेव्हा काबऱ्यानं दचकून मान उंच केली आणि घशातून "कर्रर्र" असा आवाज काढला.

"सापडला," मी आत येऊन सुलभाला सांगितलं. "काबरा कोंबडा. त्यानं मला उत्तर दिलं."

"मी पण आतून तुम्हाला काहीतरी म्हणाले," सुलभा म्हणाली. "म्हणजे मीही कोंबडा का?"

सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज येऊन पडला होता : "कोणाकडे कोंबडा आणला आहे? आवाज फार घोगरा आहे. कृपया औषध द्यावे."

तर असा निकाल लागला. काबरा देवाचा, तांबडी पाहुण्यांची. रविवारी सकाळी मी तांबडी पिशवीत घालून सलीमभाईंबरोबर शहागंजात, त्यांच्या ओळखीच्या चिकनवाल्याकडं गेलो. म्हटलं, शेवटची खात्री करून घ्यावी.

"हे काय आहे, ओळखा," मी म्हणालो.

"गावरान."

"ते झालं. पण गावरान काय?"

चिकनवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. हे गिऱ्हाईक तक्रार करायला आलंय की दुसरं काही, याचा त्याला अंदाज येईना.

"साहब, आपको क्या होना?"

"मला तलंग पाहिजे."

"तो फिर ये तलंगच है," तो म्हणाला. त्याचा सुरा तोपर्यंत वर गेला होता.

दुपारी पाहुणे आले. अण्णा, विहीणबाई आणि जपून पावलं टाकणारी आमची प्रियंका. विहीणबाई हातपाय धुवायला आत गेल्या, आणि अण्णांनी बसता बसता पहिला प्रश्न केला, "देवाचा कोंबडा बरा हाय ना?"

"एकदम."

"आरवतोय का?"

"सगळी सोसायटी उठते," मी म्हणालो. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

ताटं मांडली. आम्ही दोघं पुरुष आधी बसलो. अण्णांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि मान डोलावली. माझ्या छातीवरचा दगड उतरला.

"तलंग ती तलंग, इवाई. जिभीला लगीच कळतं. कोंबड्याचं मास दातानं ओढावं लागतं, हे बगा, नुसतं ओठानं तुटतंय. आमच्या वस्तीवर कुणाकडं काय बी शिजू द्या, मला बोलावत्यात. म्या एक फोड खायची आन् सांगायचं, हे कोंबडं, ही तलंग, ही म्हातारी. आजपस्तोर चुकलो नाय."

"जीभ म्हणजे जीभ आहे अण्णा," मी म्हणालो आणि त्यांना वाढलं. त्यांनी परत घेतलं. मग रस्सा घेतला. मग सुलभानं आग्रह केला म्हणून, आणि मग आग्रह केला नाही तरी घेतलं. विहीणबाई दारात उभ्या राहून आपल्या नवऱ्याला जेवताना बघत होत्या. मला त्या वेळी ते फार प्रेमळ वाटलं.

आणि बाल्कनीतून आवाज आला. कॉक, कॉक, कॉक, कॉक्‌काक. परत, जरा जास्त अभिमानानं. कॉक, कॉक, कॉक, कॉक्‌काक.

अण्णांचा हात ताटात थांबला.

"इवाई, हे कोण वराडलं?"

"कोंबडा आरवला," मी म्हणालो.

"ह्याला आरवणं म्हणत नाय," अण्णा सावकाश म्हणाले. "अंडं घातल्यावर वराडत्यात असं."

आम्ही दोघं खरकट्या हातानं बाल्कनीत गेलो. म्हसोबाचा कोंबडा झेरॉक्सच्या खोक्याबाहेर उभा राहून जगाला बातमी सांगत होता. खोक्यात, गवतावर, एक छोटं, फिक्या तपकिरी रंगाचं, गरम अंडं होतं. म्हणजे तलंग हा शब्द मी अख्खा आठवडा खपून शिकलो, आणि ज्या क्षणी मला खरी तलंग कळली त्या क्षणी ती तलंग राहिली नव्हती.

अण्णांनी वाकून अंड्याला बोट लावून पाहिलं.

"हा देवाचा कोंबडा?"

"हो."

"मंग म्या आत्ता काय खाल्लं?"

इतक्या दिवसांत "काय सांगायचं" हे वाक्य पहिल्यांदाच तोंडातून निघेना.

अण्णांनी बाल्कनीच्या कठड्याला धरलं. "इवाई, म्हसोबाचं काय बी करता येईल. त्याच्या पाया पडू, दुसरा कोंबडा देऊ. पर हिला कळलं तर? 'ओठानं तुटतंय' म्हणालो ना म्या? मोठ्यानं म्हणालो?"

"मोठ्यानं," मी म्हणालो. "जिभेचं पण बोललात."

"अंडं लपवा."

मी अंडं सदऱ्याच्या वरच्या खिशात टाकलं. आत अजून ऊब होती. छातीशी असं काही घेऊन उभं राहण्याची माझी पहिलीच वेळ. तेवढ्यात दारात विहीणबाई.

"काय चाललंय दोघांचं? हात बी धुतले नाय."

"काय नाय," अण्णा म्हणाले. "ते… इवायाची भेट ऱ्हायली व्हती. आल्या आल्या उराउरी भेटलोच नाय आम्ही." आणि हे खरं वाटावं म्हणून त्यांनी दोन्ही हात पसरले आणि मला छातीशी धरलं. अण्णांनी आयुष्यभर मेंढरं उचललेली आहेत. ते कुणालाही हलकं भेटत नाहीत.

कटकन आवाज झाला. तो आम्हा तिघांनाही ऐकू आला. मग माझ्या पोटाकडं काहीतरी कोमट उतरायला लागलं.

"झालं भेटून?" विहीणबाई म्हणाल्या. अण्णांनी मला सोडलं. त्यांच्या पांढऱ्या नेहरू शर्टवर आणि माझ्या सदऱ्यावर सारखाच पिवळा नकाशा उमटला होता. "अंडं तरी ठिवायचं व्हतं. पयलं व्हतं बिचारीचं," विहीणबाई म्हणाल्या.

"तुला… ठावं हाय?" अण्णांनी विचारलं.

"हातपाय धुतले, टावेल वाळत घालाया इथं आले, तवाच बगितलं म्या. तलंग खोक्यात बसून अंड्याची जागा करत व्हती. म्हणलं, म्हंजे पातेल्यात देव हाय."

"आन् मंग बोलली काऊन नाय?"

"कापलेलं काय शिवता येतंय व्हय? आन् म्हणलं, बगू तरी, ह्यांची जीभ कवा वळखती ते." त्यांनी पदर खोचला. "चार बारी वाढून घेतलं, तरी वळखंना."

आत प्रियंका पोटावर हात धरून हसत होती. सुलभा तिला "हळू, हळू" म्हणत होती, पण हसत नव्हती. ती विहीणबाईंकडं वळली आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "पण ताई, आता देवाचं काय? पोरीला काही…"

त्या एका वाक्यानं बाल्कनीतली सगळी गंमत खाली गेली. माझ्या सदऱ्यावर बलक होता आणि मला एकदम त्या आधीच्या वेळचा दवाखान्यातला बाक आठवला.

विहीणबाईंनी सुलभाचा हात धरला. "काय बी व्हत नाय. म्हसोबा काय येडा हाय व्हय? चूक लेकराच्या आईची नाय, ह्या दोन बुढ्ढ्यांची हाय, हे त्याला बी दिसतंय. म्या सांगते त्याला. दुसरा कोंबडा धाडते, तुमच्या दारातनं तोच जाईल." मग माझ्याकडं बघून, "पायात लाल दोरा बांधून धाडते. दोरा वळखता येतो ना, इवाई? का त्याला बी आरवून बगनार?"

मी अण्णांकडं पाहिलं. आरवल्याचं यांना कुणी सांगितलं? सुलभा भिंतीकडं बघत होती.

लाल दोऱ्याचा कोंबडा आला. तो पहिल्याच पहाटे असा आरवला की गच्चीवरची कबुतरं उडाली. ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज : "आवाजात सुधारणा आहे. औषधाचे नाव कळवावे." मी त्या कोंबड्याला जपून दाणे घातले, जपून फुलंब्रीला नेलं, आणि म्हसोबापुढं विहीणबाईंनी त्याला माझ्या हातातून काढून घेतलं. काबरी आमच्याच बाल्कनीत राहिली. आता ती रोज अंडं घालते आणि सलीमभाई रोज येता-जाता तिला "क्या रे मुर्गे" म्हणतात.

आणि मग तो दिवस आला. दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही सगळे. सुलभा बोटं मोजत होती, अण्णा येरझाऱ्या घालत होते, जावई पाण्याची एकच बाटली उघडत होता आणि बंद करत होता. मी दाराच्या अगदी जवळ उभा होतो, म्हणून नर्सबाईनं दार उघडलं तेव्हा ते गाठोडं आधी माझ्याच हातात आलं.

"दोघंही सुखरूप आहेत," ती म्हणाली, आणि मला पुढचं काही ऐकू आलं नाही. गाठोड्यात एक लालबुंद, सुरकुतलेलं तोंड आणि एक आवळलेली मूठ. माझे डोळे भरून आले होते. सगळे माझ्याभोवती गोळा झाले. काय झालं? काय झालं? त्या मुठीत काय जोर होता, आवाज काय खणखणीत. मी मान वर केली आणि जाहीर केलं, "मुलगा."

"मुलगी झालीय, काका," नर्सबाई म्हणाली. "आत्ताच सांगितलं ना मी?"

विहीणबाईंनी पुढं होऊन बाळ माझ्या हातातून काढून घेतलं, पदरात नीट धरलं आणि नर्सबाईला समजावून सांगितलं, "त्यांचं मनावर घिऊ नका बाई. त्यांना अंडं दिसल्याबिगर कळत नाय."